काळ्या रंगाखालचा सनबर्स्ट

पिंपरी-चिंचवडमध्ये जुनी गाडी नवी करून देणारे हात पुष्कळ आहेत. भोसरीच्या एखाद्या गल्लीत जुनी बजाज चेतक नेऊन उभी करा. कारागीर जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवतात, पोचे ठोकून काढतात, प्रायमर आणि सरफेसर मारतात, घासतात, नवा रंग चढवतात. पंधरवड्यानंतर ती शोरूममधून आल्यासारखी दिसते, आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं. ते काम मला मनापासून आवडतं. माझी सगळी नोकरी वाहनांच्या पेंट शॉपमध्ये झाली, आधी आकुर्डीच्या बाजूला आणि शेवटची वर्षं चाकणला. म्हणूनच पूर्ण जबाबदारीनं सांगतो, चेतकला जे केल्यावर लोक शाबासकी देतात, तेच जुन्या इलेक्ट्रिक गिटारला केलं तर तिचं मोठं नुकसान होतं, आणि ते भरून काढता येत नाही.

निवृत्तीनंतर मी गिटार दुरुस्त करतो. कंपनीच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रामुळे हा नाद लागला. त्या काळी या पट्ट्यात प्रत्येक मोठ्या कारखान्यात गाणारे-वाजवणारे कामगार होते. पहिली पाळी संपली की कँटीनमागच्या खोलीत तालमी चालायच्या. १९८० साली ‘कर्ज’ आला आणि त्यातली ती गिटारची धून आली. ती वाजवली होती गोरख शर्मा यांनी, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींच्या धाकट्या भावानं. त्यानंतर ही धून न येणाऱ्या गिटारवाल्याला स्टेजवर कोणी उभं करत नसे. हातात वाद्य मात्र बहुतेकांच्या कोलकात्याचं असायचं, गिबटोन किंवा गिवसन. परदेशी माल आयात करणं जवळपास अशक्य होतं, त्यामुळे परदेशी गिटार यायची ती जहाजावर नोकरी करणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून.

अशीच आलेली एक गिटार माझ्याकडे आली, तिच्याबद्दल लिहायचं आहे. निगडी प्राधिकरणातली एक मुलगी ती घेऊन आली. ती चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि सुटीच्या दिवशी मित्रमैत्रिणींच्या बँडमध्ये वाजवते. वडील पिंपरीत मशीन शॉपला होते, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटार त्यांची. त्यांच्या मामांनी बोटीवर असताना अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून ती वापरलेली विकत आणली होती. आता त्यांची बोटं आखडली आहेत. मुलगी म्हणाली, “काका, हिला परत ओरिजिनल करून द्याल का?”

केस उघडली. आत कोळशासारखी काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. तिचे काठ जाड दिसत होते, स्क्रूंच्या खाचांत रंग साचला होता, आणि एका कोपऱ्यावर टवका उडाला होता. माझी नजर त्या टवक्यावर खिळली. पेंट शॉपमध्ये उडालेला टवका म्हणजे आतलं सगळं सांगणारी खिडकी. वरून काळा, त्याखाली करडा सरफेसर, त्याखाली पिवळट पुट्टीचा पुसटसा थर, आणि सगळ्यांत खाली काचेसारखं चकचकीत काहीतरी, ज्यातून तांबूस झाक दिसत होती. खाली मूळ रंग जिवंत होता.

आता ही गिटार म्हणजे नेमकं काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं काम कळणार नाही. लिओ फेंडर हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं दुकान होतं आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्यानं भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. त्याच वर्षी आपल्याकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या माळरानाची औद्योगिक गोष्ट सुरू झाली. फेंडरचं वेगळेपण कारखान्यातल्या माणसाला लगेच उमजतं. जुन्या घराण्यातले गिटार बनवणारे नेक, म्हणजे गळा, सरसानं बॉडीत बसवायचे. फेंडरनं तो स्क्रूनं बसवला. बॉडी एका टेबलावर, नेक दुसऱ्यावर, वायरिंग तिसऱ्यावर, शेवटी जुळणी. एक भाग खराब झाला तर तोच बदला. आपल्या असेंब्ली लाइनवर जे चालतं, तेच.

आवाजाचं शास्त्रही सोपं आहे. तारांखाली पिकअप असतो. सहा लोहचुंबकांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे, फेंडरच्या पिकअपमध्ये साधारण आठ हजार. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरला जातो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. डायनॅमोचंच तत्त्व. स्ट्रॅटोकास्टरला असे तीन पिकअप.

आणि रंग. इथे माझा आणि गिटारचा धंदा एक होतो. १९२० च्या दशकापर्यंत मोटारगाडी रंगवायला आठवडे लागायचे, कारण तेलाचा रंग सुकतच नसे. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं, त्याचं नाव ड्यूको. १९२४ च्या ओकलंड गाड्या या रंगात निघाल्या. आपल्याकडचे सुतार आजही फर्निचरला ‘ड्यूको मारू का?’ असं विचारतात, ते त्याच रंगामुळे. फेंडरनं हेच गाड्यांचे रंग गिटारला वापरले. त्याच्या रंगतक्त्यातला फिएस्टा रेड हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू १९५८ च्या कॅडिलॅकचा, सर्फ ग्रीन १९५७ च्या शेवरोलेचा. असा खास रंग हवा असेल तर ग्राहकाला किमतीवर पाच टक्के जास्त द्यावे लागायचे. जगातल्या सगळ्यांत आवडत्या गिटारचे रंग गाड्यांच्या डब्यांतून आले, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपल्या कामाचे आप्त किती लांब पसरलेले असतात!

नेहमीचा रंग मात्र सनबर्स्ट. मध्ये पिवळा, मग लाल, कडेला काळा. सूर्य मावळताना क्षितिजावर जसे रंग एकमेकांत विरतात, तसे इथे विरायला हवेत. हे स्प्रे गनच्या एका फटकाऱ्यात येत नाही. हवेचा दाब, गनचा कोन, हाताचा वेग, तिन्ही जमले तरच लाल आणि पिवळ्यामधली रेघ नाहीशी होते. आपल्या काळ्या गिटारखाली हाच सनबर्स्ट असणार, असा माझा अंदाज होता.

आधी तिचं साल शोधलं. रंगावरून साल ठरवू नये, सुट्या भागांवरून ठरवावं. पिकगार्ड, म्हणजे पुढची पांढरी प्लास्टिकची पाटी, उघडली की आवाज कमी-जास्त करणारे पॉट दिसतात. त्यांच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन आकडे १३७ असतील तर तो सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन साल सांगतात आणि शेवटचे दोन त्या सालातला आठवडा. इथे ७२ निघालं. पॉट कारखान्यात काही महिने पडूनही राहू शकतो, त्यामुळे गिटार त्याहून जुनी असू शकत नाही, एवढंच यातून पक्कं ठरतं. मग नेक काढला. तो तीन बोल्टचा. फेंडरनं स्ट्रॅटोकास्टरचे चार स्क्रू १९७१ मध्ये तीन केले आणि नेकचा कल बदलायची छोटी यंत्रणा बसवली, म्हणजे तेही जुळलं. नेकच्या टाचेवरचा शाईचा शिक्काही ७२ चाच होता. मुलीचे वडील खुर्चीत बसून बघत होते, म्हणाले, “म्हणजे चेतकच्या सालातली.” खरंच, बजाजनं चेतक आणली ती १९७२ मध्येच.

हे साल माझ्या कामाच्या दृष्टीनं भाग्याचं होतं. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. जाणकार त्यानंतरच्या गिटारींना नावं ठेवतात, आणि काही बाबतीत ते योग्यच आहे. पण १९६८ च्या सुमारास कंपनी पातळ नायट्रो लॅकर सोडून पॉलिएस्टरच्या जाड थरावर गेली. संग्राहक त्या थराला नाकं मुरडतात, मला मात्र त्यानंच वाचवलं. कारण सांगतो. नायट्रो लॅकर फक्त सुकतं, त्यातला थिनर उडून जातो. त्यावर परत थिनर लावला तर ते परत विरघळतं, मग दहा वर्षांनी लावा नाहीतर पन्नास. पॉलिएस्टरचं तसं नाही. ते रासायनिक क्रियेनं घट्ट होतं, एकदा झालं की थिनरला दाद देत नाही. ८० च्या दशकात या भागातले गॅरेजवाले एनसी रंग, म्हणजे नायट्रोच, वापरायचे. तेव्हा खाली न विरघळणारा मूळ थर आणि वर विरघळणारा काळा. गिटार दहा वर्षं आधीची असती तर दोन्ही थर एकाच जातीचे असते, आणि काळा काढताना मूळचाही गेला असता.

तरी अंदाजावर हात घालायचा नाही, हा पेंट शॉपचा पहिला नियम. पिकगार्डखाली, जिथे कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, कापसाच्या काडीला थिनर लावून टेकवला. काळा मऊ झाला, करडा त्याच्यामागोमाग आला, आणि खालचा तांबूस थर आहे तसा चमकत राहिला. आणखी एका जागी, नेकच्या खाचेत, तेच करून बघितलं. मगच मुलीला हो म्हणालो.

आमच्या शॉपमध्ये रंगाची जाडी मोजायला हातात मावणारं गेज असतं. आजकालच्या गाडीचे सगळे थर मिळून, सगळ्यांत खालच्या ई-कोट प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरपर्यंत, साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन होतात. पण ते गेज पत्र्याच्या भरवशावर चालतं, लाकडावर त्याचा काही उपयोग नाही. तसंच भट्टीचं. पत्र्याला दीडशे अंशांच्या आसपास भाजता येतं, लाकूड त्या तापात तडकेल. आयुष्यभराची सवय बाजूला ठेवून डोळा, भिंग आणि बोट यांवर काम करायचं होतं. मला तो बदल आवडला.

काम सुरू केलं दिवाळीनंतर. आपल्याकडे पावसाळ्यात लॅकरचं कुठलंही काम हातात घेऊ नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि थर दुधाळ पांढरा पडतो. शिवाय लाकूड फुगलेलं असतं. थंडीतली कोरडी हवा, उघडी खिडकी, तोंडावर फिल्टर कार्ट्रिजचा मास्क. मास्कबाबत मी तडजोड करत नाही. थिनरची वाफ डोकं जड करते, आणि हल्लीचे दोन डब्यांचे पीयू रंग तर त्याहून वाईट. त्यांतलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं धरतं. बंद खोलीत रुमाल बांधून स्प्रे मारणारी पोरं बघितली की मी थांबून बोलतोच.

कापूस थिनरमध्ये भिजवायचा, पिळायचा, आणि तळहाताएवढ्या भागावर फिरवायचा. घासायचं नाही, लाटल्यासारखं करायचं. घासलं की विरघळलेला काळा खालच्या चिरांत शिरतो. जिथे मूळ थराचा टवका उडून लाकूड उघडं पडलं होतं, तिथे ओला कापूस नेला नाही, तिथला काळा प्लास्टिकच्या पातीनं कोरडाच खरवडला. कारण उघड्या कडेतून थिनर आत गेला तर सनबर्स्टचा रंग फुटू शकतो. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या पाटीला, थिनर दाखवलाही नाही. बॉडीवर पॉलिएस्टर आलं तरी हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला फेंडरनं नायट्रोच ठेवलं होतं, कारण पॉलिएस्टर खालच्या नावाच्या चिकटचित्राशी भांडायचं. तिथे थिनरचा एक थेंब पडला असता तर नावासकट सगळं गेलं असतं. गॅरेजवाल्यानं सुदैवानं तो भाग रंगवला नव्हता.

पण रंग चढावा म्हणून त्यानं खालचा मूळ थर जाड पेपरनं खरडला होता. काळा गेल्यावर सनबर्स्ट बाहेर आला तो धुक्यातून बघावा तसा, ओरखड्यांनी अंधूक. तेव्हा प्रश्न उभा राहिला. दोन हजार नंबरचा पाणपेपर आणि रबिंग कंपाउंड घेऊन बसलो तर मी तो आरशासारखा करू शकतो. पॉलिएस्टर जाड असल्यानं वावही आहे. मग करायचं का?

मी अर्धंच केलं. गॅरेजच्या पेपरचे ओरखडे काढले, कारण ते गिटारच्या आयुष्याचा भाग नव्हते, ते फक्त दुसऱ्या रंगाची तयारी होते. पण पट्ट्याच्या बकलनं पाठीवर पडलेले व्रण, कोपराखाली वाजवून वाजवून मंद झालेली चकाकी, जहाजाच्या प्रवासातला एक खोल पोचा, हे ठेवले. उघड्या लाकडावर लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिला, घाम आत जाऊ नये म्हणून. लाख स्पिरिटनं कधीही निघते. उद्या माझ्याहून शहाणा माणूस आला तर त्याला माझं काम पुसता यावं, हा हिशेब.

इथे लोक वाद घालतात. पैसे देऊन काम करून घेतलं तर वस्तू नवी दिसायला नको का? पण गाडीचा आणि वाद्याचा फरक असा: गाडीला रंग असतो तो पत्रा गंजू नये म्हणून. तो रस्त्यावर झिजायचाच, आणि तो नवा करणं ही देखभालच आहे. गिटारचा मूळ रंग एकदाच लागतो, आणि तो कुठल्या हातानं लावला, कुठल्या डब्यातला होता, कसा उडाला, हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. जुन्या वाद्यांच्या बाजारात तर सरळ हिशेब आहे. मूळ रंग उतरवून कितीही सुंदर नवा दिला, तरी गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते. आयरिश वादक रोरी गॅलाहर याची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर बघा. सनबर्स्ट जवळजवळ पूर्ण उडालेला, लाकूड उघडं. त्यानं ती कधी चकचकीत करून घेतली नाही. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात तिला जवळजवळ नऊ लाख पौंड मिळाले.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी कर्मठ वाटेन. एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही तर मूळ गिटारच नव्हे. त्यानं ७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या आणि तिघींचे उत्तम भाग जोडून एक बनवली. २००४ मध्ये ती साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे ‘ओरिजिनल’ याचा अर्थ फक्त कारखान्याचा कागद नव्हे. वाद्यावर वाजवणाऱ्यानं स्वतःच्या संगीतासाठी केलेला बदल हाही त्याचा खरा इतिहास. मग या मुलीच्या वडिलांनी दिलेला काळा रंग? तो मी का काढला? हा प्रश्न मी त्यांनाच विचारला होता, काम सुरू करायच्या आधी. ते म्हणाले, “मला कधीच नको होता. सगळ्यांच्या गिटारी स्टेजवर काळ्या दिसायच्या, आयोजकानं सांगितलं, एका गॅरेजमध्ये दिली. घरी आणली तेव्हा वाईट वाटलं होतं.” त्यांनी हे सांगितलं नसतं, किंवा त्या काळ्यावर त्यांचं प्रेम असतं, तर मी तो ठेवला असता.

रंगापेक्षा आतली डागडुजी अधिक शांतपणे झाली. मधला पिकअप मुका होता. मीटर लावला तर प्रवाह तुटलेला. चांगल्या स्ट्रॅटोकास्टर पिकअपचा रोध साडेपाच-सहा किलोओहमच्या आसपास असतो. कुणीही सांगितलं असतं की वाइंडिंग नवीन करा, भोसरीत मोटर वाइंडिंगची दुकानं ढीगभर आहेत. पण मोटरची तार आणि ही तार यांत फार अंतर. ही ४२ गेजची, ०.०६३ मिलिमीटर, आपल्या केसाइतकी. आणि मूळ वेढे उपसले की त्या पिकअपचा आवाज कायमचा गेला. म्हणून आधी भिंगाखाली दोन्ही टोकं बघितली. बहुतेक वेळा तार आत तुटत नाही, टोकाला जिथे डाग दिलेला असतो तिथे घामानं आणि गंजानं सडते. इथेही तेच होतं. बाहेरचा एक वेढा सोडवला, टोक साफ केलं, परत डाग दिला. मीटरचा काटा हलला. एवढ्यासाठी आठ हजार वेढे फेकले जाणार होते.

ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग. त्याच्या स्क्रूंनी मात्र त्रास दिला. अमेरिकन गिटारचे आटे इंचांतले. कुणीतरी मेट्रिक स्क्रू जोर लावून बसवले होते, तीन जागी आटे मेलेले. ७२ चा ब्रिज झिंक डायकास्टचा, स्कूटरच्या कार्बोरेटरच्या जातीचा, मऊ. अशा धातूत मोठा टॅप मारून नवे आटे पाडणं सोपं असतं, पण मग मूळ स्क्रू कधीच बसत नाही. भोसरीतल्या एका टूलरूमवाल्या मित्रानं बारीक बुश बनवून दिले, आतून इंची आट्यांचे, ते बसवले. आपल्या पट्ट्याचं हे मोठं बळ आहे. जगात कुठलाही स्क्रू असो, तो बनवून देणारा माणूस इथे दहा किलोमीटरच्या आत सापडतो.

फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, झिजल्या होत्या. त्या बदलल्या. हे ऐकून काही जणांना धक्का बसतो, पण फ्रेट म्हणजे टायर. झिजणारा भाग झिजला की बदलायचा, नाहीतर गाडी चालणार कशी? त्यांच्याखालच्या लाकडाला मात्र मी पॉलिश पेपरही लावला नाही. ते लाकूड बहुधा आपल्याच देशाचं. ६० च्या दशकात ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं होऊ लागलं, तेव्हा गिटारवाले भारतीय रोझवुडकडे वळले. आपण त्याला शिसव म्हणतो, सह्याद्रीत ते वाढतं. शिसवीच्या पाट-कपाटांसाठी आपल्या आज्या ज्या लाकडाला जपायच्या, तेच कॅलिफोर्नियाला जाऊन, गिटार होऊन निगडीला परत आलं. २०१७ पासून या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, त्यामुळे आता वाजवणाऱ्यांना गिटार घेऊन परदेशी जाताना पूर्वीसारखी धास्ती नाही.

नेकचा बाक मी मोजतो तो फीलर गेजनं, ज्यानं आपले मेकॅनिक इंजिनाचा टॅपेट सेट करतात त्याच गेजनं. पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबून मधल्या फ्रेटवर तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट असली की बरं. पावसाळ्यात ती वाढते, उन्हाळ्यात घटते. नेकच्या आत लोखंडी सळई असते, तिचा नट जरासा फिरवला की जमतं. कुणालाही शिकता येईल असं हे काम आहे, फक्त एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि एक दिवस थांबायचं.

पिकगार्डचा पांढरा रंग पिवळसर झालाय. मुलीनं विचारलं, पांढरा करता येईल का. येतो, पेरॉक्साइडनं. मी नाही म्हटलं, आणि तिनं हट्ट केला नाही.

हट्ट केला तो स्विचसाठी. १९७७ पर्यंत स्ट्रॅटोकास्टरला तीनच जागांचा स्विच येत होता, एका वेळी एक पिकअप. वाजवणाऱ्यांनी शोध लावला की स्विच दोन जागांच्या मध्ये अलगद अडकवला तर दोन पिकअप एकत्र लागतात आणि एक पोकळ, गोड आवाज येतो. मग कंपनीनंच पाच जागांचा स्विच दिला. या गिटारमध्ये कुणीतरी पाच जागांचा घातला होता, आणि मूळ तीन जागांचा वडिलांनी केसच्या खिशात फडक्यात बांधून ठेवला होता. मी तो परत बसवायला निघालो. मुलगी म्हणाली, “काका, मधले दोन आवाज मला रोज लागतात.” ती वाजवणार आहे, तेव्हा पाच जागांचाच ठेवला. त्यासाठी मूळ वायरिंगचा एकही जोड तापवावा लागला नाही. तीन जागांचा स्विच, जुन्या फ्रेट, मेट्रिक स्क्रू, काळ्या रंगाचे काही टवके आणि कुठल्या जागी काय केलं याची यादी, हे एका पाकिटात घालून केसमध्ये ठेवलंय. यादीवर थिनरचं नाव, लाखेचं प्रमाण आणि पाठीवरच्या त्या दोन जागा लिहिल्या आहेत, जिथे मूळ थर इतका पातळ आहे की पुन्हा कंपाउंड लावू नये.

घरात, माळ्यावर, अशी गिटार कुणाची पडून असेल, कोलकात्याची असो वा जपानची, तर एवढं करा. ती गॅरेजमध्ये नेऊ नका. आधी तारा सैल करा, पूर्ण काढू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पिकगार्ड उघडून पॉटचे आकडेही टिपून घ्या. गळून पडलेला स्क्रू, तुटलेली खुंटी, फाटका पट्टा, काहीही टाकू नका. आणि जिनं किंवा ज्यानं ती वाजवली, ती व्यक्ती घरात असेल तर तिच्याजवळ बसा आणि विचारा, यातलं तुमचं काय आणि दुसऱ्यानं केलेलं काय. दुरुस्ती करणाऱ्याला हातोडी-स्क्रूड्रायव्हरच्या आधी ते उत्तर लागतं.